डुलणारा काटा झटपट थांबवण्याची कृती

शाळेच्या प्रयोगशाळेतला पितळी दांडीचा तराजू समोर घ्या. काटा डुलायचा थांबेपर्यंत ताटकळायला नको, चुंबकाने त्याला आवर घालू. दांडी लोखंडी असेल तर मात्र ही कृती करू नका. दुकानातल्या शिक्क्याच्या तराजूलाही हात लावू नका.

साहित्य: १ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, १५ मिमी व्यासाच्या दोन निओडिमियम चकत्या, यू आकाराची लोखंडी पट्टी, लाकडी ठोकळा, दुहेरी चिकटपट्टी. गोंद नकोच, जागा बदलावी लागू शकते.

१. रिकामा तराजू शून्यावर आणा. काचेचे दार बंद हवे, वाऱ्यानेही काटा हलतो.

२. उजव्या पारड्यात १० मिलिग्रॅम ठेवून काटा किती घरे सरकतो ते लिहून ठेवा. हा आकडा शेवटी लागणार आहे.

३. वजन काढून दांडी खाली टेकवा.

४. पत्र्याचे २ × ४ सेंमीचे दोन अगदी सारखे तुकडे कापा.

५. तुकडे साबणाने धुऊन पुसा. कात्रीचा किंवा कानशीचा लोखंडी कीस राहिला तर चुंबक तो ओढेल आणि वजन चुकेल.

६. दांडीच्या दोन्ही बाजूंना, पारड्यांच्या थोडे आत, मध्यापासून सारख्या अंतरावर एकेक तुकडा उभा चिकटवा. सपाट बाजू तुमच्याकडे. दांडी ज्या धारेवर टेकते, तिच्या उंचीवरच पत्र्याचा मध्य यायला हवा. इथे घाई नको! पत्रा खाली लोंबला की तराजू मंद होतो, बारीक वजन दाखवतच नाही.

७. पट्टीच्या दोन्ही आतल्या बाजूंना एकेक चकती बसवा, एकमेकींना ओढतील अशी. मध्ये ५ मिमी फट ठेवा. बोटे सांभाळा, चिमटा जोरात बसतो.

८. पट्टी, तोंड वर करून, ठोकळ्यावर पक्की करा. चकत्या पत्र्याच्या खालच्या अर्ध्या भागासमोर याव्यात इतका ठोकळा उंच हवा.

९. खांबाच्या बाजूने ठोकळा सरकवत एक पत्रा फटीत घ्या. पत्रा कुठेही घासता कामा नये.

१०. दांडी उचलून टोकांच्या स्क्रूंनी पुन्हा शून्य साधा.

११. दांडी टेकवून १० मिलिग्रॅम ठेवा, मग उचलून काटा पाहा. तो बराच वेळ डुलला तर ठोकळा सरकवून पत्रा फटीत आणखी आत घ्या, रांगत गेला तर थोडा बाहेर. एकदाच जरासा पुढे जाऊन परतला आणि थांबला की जमले! अजिबात पुढे जाऊ नये असा हट्ट धरलात तर उलट वेळ वाढतो.

१२. सरकलेली घरे दुसऱ्या पायरीच्या आकड्याशी ताडून पाहा. कमी भरली तर दोन्ही पत्रे थोडे वर चिकटवून दहाव्या पायरीपासून पुन्हा करा.

१३. वजन काढून, ठोकळा बाजूला घेऊन शून्य तपासा. सरकले असेल तर पत्र्यावर लोखंडी कीस असू शकतो, पुन्हा धुवा.