साताऱ्याला धावायला जाताय? उताराची तयारी करा

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून पावसाळ्यात, रविवारी होते. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळायचं आणि त्याच वाटेने शहरात उतरायचं. एकूण २१ किलोमीटर. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून जाणारे बहुतेक जण चढाची धास्ती घेतात. खरी धास्ती घ्यावी ती उताराची. डांबरावर धावत उतरणाऱ्याला प्रत्येक पावलाला स्वतःचं वजन झेलावं लागतं. तेव्हा मांडीचे पुढचे स्नायू आवळलेले असतानाच ताणले जातात आणि त्यांना सूक्ष्म इजा होते. चढाला दम लागतो, तो थांबलं की ओसरतो. ही इजा थांबल्यावरही राहते.

काय करावे

• उतरण्याचा वेगळा सराव करा. उतारावर धावून मांड्या एकदा दुखल्या आणि बऱ्या झाल्या, की पुढचे काही आठवडे तशाच उताराचा त्रास पुष्कळ कमी होतो. तयारीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि नेमकी हीच राहून जाते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता यासाठी उत्तम: वर जाताना रमतगमत, खाली येताना शर्यतीच्या वेगाने. उद्यान सोमवारी बंद असतं. अंधेरीकरांना आरे, मुलुंडकरांना येऊर जवळ. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी.

• या तिन्ही ठिकाणी बिबट्याचा वावर आहे. नीट उजाडल्यावर आणि सोबतीनेच धावा.

• उतारावर पावलं छोटी आणि भरभर टाका. पाऊल शरीराच्या खाली पडू द्या, पुढे फेकू नका. गुडघा किंचित वाकलेला, हात थोडे फाकलेले, नजर काही पावलं पुढे.

• पायाची नखं दोन-तीन दिवस आधी कापा. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि नाडी घोट्याशी घट्ट हवी, नाहीतर पाय पुढे सरकून नखं काळी पडतात.

• आदल्या दिवशी दुपारपर्यंत साताऱ्यात पोहोचा. रात्रभर बसमध्ये अवघडून सकाळी घाट चढणं शरीरावर अन्याय आहे.

• पुढे कड असलेली टोपी घाला. पाऊस डोळ्यांत जात नाही.

काय टाळावे

• चढावर सगळी ताकद संपवू नका. खड्या वळणांवर झपाझप चाललात तरी वेळ फारसा जात नाही. उतारासाठी मांड्या शिल्लक राहतात.

• टाच रोवून ब्रेक लावत उतरू नका. वेग हाताबाहेर जातोय असं वाटलं तर पाऊल आणखी छोटं करा. मागे रेललात की घसरलातच.

• ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या आणि कडेचं शेवाळ टाळा.

• कानात हेडफोन नको. त्याच रस्त्यावर समोरून चढणारे येत असतात, मागून वेगवान धावपटू.

• पावसाळी गारव्यात तहान नसताना प्रत्येक टेबलावर पाणी पिऊ नका. अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं असतं.

• शर्यतीआधी किंवा धावताना ब्रुफेनसारखी वेदनाशामक गोळी अजिबात नको. घामाने पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते.

• नवे बूट, नवे मोजे, नवं जेल: शर्यतीच्या दिवशी काहीच नवं नको.

शर्यतीनंतर

दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं, म्हणजे सोमवार-मंगळवारी, स्टेशनचा पूल उतरताना. गर्दीत कठडा सोडू नका आणि चालत्या गाडीतून उडी मारू नका. मांडी ऐन वेळी साथ देत नाही. आठवडाभर उतारावर धावणं बंद ठेवा, सपाटीवर चाला. सूज वाढत गेली किंवा लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.