अर्ध्या वाटेवर गप्प राहा

सुरतेत वाढणाऱ्या मुलाला चढ माहीत असतो तो उड्डाणपुलाचा. शहर तापीच्या गाळावर वसलेलं, सपाट. लिंबायत काय, उधना काय, डिंडोली काय, जिन्याखेरीज पाय वर उचलायची वेळच येत नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत आपण गाडी करतो आणि सापुताऱ्याला जातो. सनराइज पॉइंट, सनसेट पॉइंट, बोटिंग, रोपवे, भाजलेलं कणीस, फोटो. परतताना पोरं गाडीत झोपतात आणि आपण समाधानाने म्हणतो, चला, पोरांना डोंगर दाखवून झाला.

दाखवलात, छान केलंत. पण आई-बाबांनो, पुढच्या खेपेला एक करून बघा. आदल्या रात्री सापुताऱ्यात मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावू नका. मुलासोबत सकाळी चालत निघा आणि संध्याकाळी जिथून निघालात तिथेच परत या. मात्र गेलेल्या वाटेने परतायचं नाही. गोल फेरी करायची.

असली फेरी आपल्या घराण्यांना नवी नाही. त्र्यंबकेश्वरी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी कुशावर्तात स्नान करून माणसं ब्रह्मगिरीभोवती फिरतात. छोटी फेरी वीसेक किलोमीटरची, मोठी त्याच्या दुप्पट. गुजरातेत कार्तिकी एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत गिरनारची लीली परिक्रमा चालते, ती छत्तीस किलोमीटरची. आणि तुमचं मूळ गाव खानदेशात असेल तर घरात एखादी आजी अजून सांगत असेल, की चैत्रात आम्ही सप्तशृंगीच्या गडावर पायी जायचो. तीन पिढ्यांत पाय विसरले, एवढंच. फरक इतकाच, की त्या फेऱ्यांना गर्दी असते आणि नवसाचं बळ असतं. आपल्या फेरीला यातलं काही नाही. कोणी बघत नाही, पदक मिळत नाही, वरती देवही वाट बघत नाही. मुलाबरोबर जायला मला तीच बरी वाटते.

गोलच का, सरळ जाऊन परत का नको? कारण गोल फेरीला मध्य असतो. नाकासमोर जाऊन परत येण्यात मूल कधीही म्हणू शकतं, 'पुरे झालं, मागे फिरू या.' आणि आपणही फिरतो. गोल वाटेवर निम्मं अंतर संपलं, की मागे फिरलं काय आणि पुढे गेलं काय, पायांना तेवढंच पडतं. तिथे रडून उपयोग नसतो, हट्ट करून नसतो आणि आपण लालूच दाखवूनही नसतो. मुलाला हे समजवावं लागत नाही. वाटच त्याला समजावते. या एका क्षणासाठी एवढा खटाटोप करायचा.

आता फेरी कशी आखायची ते बघू. सापुतारा हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर आहे, म्हणजे मोठा चढ बसने आधीच चढलेला असतो. उरतं ते पठार, उतरत्या-चढत्या टेकड्या, मधली शेतं. पाच-सहा किलोमीटरवर, राज्याची हद्द ओलांडली की नाशिक जिल्ह्यातला हातगड लागतो. छोटा किल्ला, दगडात कोरलेली पाण्याची टाकी, दरवाजाशी देवनागरीतला शिलालेख. तो फेरीचा मध्य धरा. जाताना एका अंगाने जा, येताना दुसऱ्या. नेमकी पायवाट मात्र गावातल्या माणसाला विचारूनच ठरवा. जमलं तर त्यालाच सोबत घ्या आणि दिवसाची मजुरी द्या. साल्हेरचा मोह आत्ता नको. 1567 मीटरचा तो गड 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला म्हणून मुलाचे पाय एका रात्रीत तयार होत नाहीत.

वेळेचा हिशेब मुलालाच करू द्या. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक आडाखा सांगितला, तो अजून वापरतात. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. चौदा किलोमीटरची फेरी आणि तीनशे मीटर चढ धरला तर साडेतीन तासांच्या आत येतं. हे तरबेज माणसाचं झालं. मूल सोबत असेल तर दीडपट करा. मग जेवण, विसावा, बेडकामागे धावणं, दगड गोळा करणं. दिवस भरलाच. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळी सातला निघून चारच्या आत परतायचं ठरवा. सापुताऱ्याभोवतीच्या डांगात बिबट्याही आहे आणि सापही. अंधारात रानात राहायचं नाही. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे. बूट पायात मुरलेले हवेत, नवे कोरे नकोत. पाणी माणशी दोन लिटर, वर चिक्की आणि गूळ-शेंगदाणे. बिळात, कपारीत हात घालायचा नाही हे आधीच बजावा. चुकून साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं असलं काही न करता 108 ला फोन आणि थेट दवाखाना. रानात फोनची रेंज जाते-येते, म्हणून कुठे चाललो आणि किती वाजता परतू हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा.

दिवाळीच्या आसपास गेलात तर खुरासणीचे पिवळे तुकडे दिसतील, खळ्यावर नागली झोडपत असतील. माणसं डांगी बोलतात. घरी अहिराणी ऐकलेल्या मुलाला त्यातलं बरंच कळतं आणि त्याचा चेहरा उजळतो. शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी, घरात अहिराणी अशा तीन डगरींवर उभ्या असलेल्या पोराला आपली बोली डोंगरात अशी अवचित भेटणं ही लहान गोष्ट नाही.

आणि मग ती जागा येते. किल्ला उतरून झालेला, ऊन डोक्यावर, डबा संपलेला. मूल खाली बसतं. मोज्यांत कुसळं शिरलेली असतात, ती एकेक करून उपटायला लागतं. कुसळ सरळ ओढलं तर तुटतं, टोक आत राहतं आणि टोचत राहतं. चिमटीत अगदी मुळाशी धरून, आलं त्याच दिशेने मागे काढावं लागतं. दहा मिनिटं जातात. मध्ये 'अजून किती राहिलं?' होतं. पाय दुखतात म्हणून डोळे भरून येतात.

तिथे, आई-बाबांनो, गप्प राहा. 'आलंच आता, त्या झाडापलीकडे' असं खोटं सांगू नका. दोन तास राहिले असतील तर दोन तास म्हणा. घड्याळ बघू नका, शेजारच्याच्या मुलीचं उदाहरण देऊ नका, पाठुंगळी घेऊ नका. पाणी पुढे करा आणि बसून राहा. पाय खरोखर सुजला असेल, ताप असेल तर गोष्ट वेगळी. नुसता कंटाळा असेल तर तो मुलाचा आहे, त्यालाच सोसू द्या. थोड्या वेळाने ते आपणहून उठतं. ते उठणं त्याचं असतं. तुम्ही उठवलंत, की ते तुमचं होतं.

परतीच्या वाटेवर आणखी एक होतं. आपल्यातले कितीतरी बाप लूम्सवर बारा-बारा तासांची पाळी करतात. रातपाळी असली की बाप घरी येतो तेव्हा मूल शाळेला निघालेलं, मूल परततं तेव्हा बाप कामाच्या तयारीत. एका खोलीत राहून आठवडाभर बोलणं होत नाही. समोरासमोर बसवून 'सांग, काय चाललंय' विचारलं की मूल मिटतं. शेजारून चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, म्हणून शाळेत कोण त्रास देतं, कुठल्या विषयात अडतं, कोण आवडतं हे सगळं हळूहळू बाहेर येतं. फक्त लगेच उपाय सांगायला धावू नका.

'ही श्रीमंतांची थेरं' असं कोणी म्हणालं तर त्याला मँचेस्टर सांगा. तेही आपल्यासारखंच कापडाचं शहर. गिरण्यांतल्या पोरापोरींना रविवार तेवढा मोकळा, आणि शहराबाहेरची माळरानं जमीनदारांनी शिकारीसाठी बंद केलेली. 24 एप्रिल 1932 ला शेकडो जण किंडर स्काउटच्या पठारावर बेकायदा चालत गेले. सहा जणांना अटक झाली, पाच तुरुंगात गेले. 1951 मध्ये तोच मुलूख ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. कामगारांनी चालण्यासाठी कैद भोगली. आपल्याला नुसती बस पकडायची आहे.

शेवटचं, आणि हे सगळ्यात अवघड. घरी आल्यावर त्या दिवसाचा हिशेब वसूल करू नका. पंधरा दिवसांनी मूल अपूर्णांकांपुढे हात टेकून बसेल आणि तुमच्या जिभेवर येईल, 'एवढा डोंगर चाललास, मग गणिताला का भितोस?' ते वाक्य गिळा. मुलाने तो दिवस स्वतः कमावला आहे. कधी, कुठे खर्च करायचा ते त्यालाच ठरवू द्या.