मातीचा बांध सुरक्षित ठेवा : सांडवा, गळती आणि पावसाळ्यापूर्वीची पाहणी

कोरडवाहू भागात रब्बीच्या पिकाला एक-दोन संरक्षित पाणी मिळाले तरी हाता-तोंडाशी आलेला घास वाचतो. त्यासाठी अनेक शेतकरी बंधूंनी स्वखर्चाने ओघळीवर किंवा लहान नाल्यावर मातीचे बांध घातले आहेत. द्राक्ष व डाळिंब बागायतदारांनी चारी बाजूंनी भराव घालून जमिनीच्या वर पाणी साठविणारी मोठी शेततळी केली आहेत. बांध घालताना पाणी किती साठेल याचा हिशेब सर्वजण करतात. जास्तीचे पाणी कोठून जाईल याचा हिशेब मात्र थोडेच करतात. पुष्कळ बांध फुटण्याचे मूळ या न केलेल्या हिशेबात असते.

एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. ५,००० घनमीटर साठा म्हणजे ५,००० टन, अर्थात दहा टनी ५०० मालमोटारींचा भार. बांध फुटला की हा भार थोड्या वेळात खालच्या शेतावर, विहिरीवर आणि वस्तीवर जाऊन पडतो. सन २०२१ चा केंद्रीय धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. तीन-चार मीटर उंचीचे खाजगी बांध त्यात येत नाहीत. म्हणून अशा बांधाची तपासणी मालकानेच केली पाहिजे.

बांध फुटतो कसा?

१) माथ्यावरून पाणी गेल्याने : मातीचा बांध पाणी अडवू शकतो, पण अंगावरून वाहणारे पाणी सोसू शकत नाही. माथ्यावरून जाणारे पाणी बाहेरचा उतार खरवडते आणि पाहता पाहता घळ पडते. गुजरातमध्ये ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ धरणाच्या मातीच्या भरावावरून पुराचे पाणी गेले, भराव वाहून गेला आणि मोरवी शहर उद्ध्वस्त झाले.

२) अंगातून किंवा पायातून पाणी गेल्याने : घुशी, उंदीर व खेकड्यांची बिळे, कुजलेली मुळे किंवा नीट न दाबलेला थर यांतून पाणी वाट काढते. ते माती सोबत नेऊ लागले की वाट रुंदावत जाते व आतून पोकळी तयार होते.

३) नळाच्या कडेने : बांधातून नेलेल्या नळाभोवतीची माती नीट दाबली जात नाही. पानशेत धरणात १२ जुलै १९६१ रोजी विमोचकावरील भराव खचला, त्यावरून पाणी गेले आणि पुण्यात हाहाकार उडाला. लहान बांधातही नळ हीच नाजूक जागा असते. शक्य असल्यास बांधातून नळ न घालता पंपाने किंवा वक्रनळीने पाणी काढावे.

सांडव्याचा हिशेब

पाणलोट क्षेत्र (हेक्टर), पावसाचा जोर (मि.मी. दर तासाला) आणि अपधाव गुणांक यांचा गुणाकार करून त्यास ३६० ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे दर सेकंदाला येणारा पूर, घनमीटरमध्ये. समजा पाणलोट २० हेक्टर आहे, पावसाचा जोर ७५ मि.मी. आणि गुणांक ०.४ धरला, तर पूर १.६७ घनमीटर येतो. हा पूर ३० से.मी. जाडीने सुरक्षित जाण्यास सुमारे ६ मीटर रुंदीचा सांडवा लागतो. जास्त उताराच्या, उघड्या किंवा खडकाळ पाणलोटात गुणांक वाढतो. आपल्या भागातील पावसाचा जोर किती धरावा, हे कृषी विद्यापीठाच्या मृद व जलसंधारण अभियांत्रिकी विभागाकडून विचारून घ्यावे.

सांडवा भरावावर कधीही करू नये. तो बांधाच्या टोकाशी, न खणलेल्या पक्क्या मुरमात किंवा खडकात काढावा आणि त्याचे पाणी बांधाच्या पायथ्यापासून दूर नाल्यात सोडावे. सांडव्याच्या तळापासून बांधाचा माथा किमान ९० से.मी. उंच असावा, त्यात ३० से.मी. पुरासाठी आणि ६० से.मी. लाटा व अनपेक्षित पावसासाठी मोकळी उंची होय.

पावसाळ्याच्या अखेरीस आणखी एक पाणी मिळावे म्हणून सांडव्यात मातीची पोती लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती धोक्याची आहे. ३० से.मी. उंचीची पोती लावली की ९० से.मी. पैकी ६० से.मी. उरतात. मधल्या भागात बांध २० से.मी. बसला असेल तर ४० से.मी. उरतात. त्यातून ३० से.मी. पूर गेला की माथा पाण्यापासून फक्त १० से.मी. वर राहतो. परतीच्या पावसाच्या एका जोरदार सरीला एवढे अंतर पुरत नाही. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बांधलेली जाळीही पालापाचोळ्याने तुंबते व पोत्यांइतकीच घातक ठरते.

बांध घालताना घ्यावयाची काळजी

नाल्यावर बांध घालण्यापूर्वी संबंधित विभागाचा सल्ला व परवानगी घ्यावी. खाली घर, गोठा किंवा वस्ती असल्यास जागा बदलावी. पायाची झाडे, मुळे व वरची सेंद्रिय माती काढून टाकावी. मध्यरेषेवर कठीण मुरूम लागेपर्यंत खंदक खणून तो चिकण मातीने दाबून भरावा. गाभा काळ्या मातीचा व बाहेरचे आवरण मुरमाचे ठेवावे, कारण उघडी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भराव १५ ते २० से.मी. जाडीच्या थरांत घालावा. मुठीत दाबली असता माती गोळा धरील, पण हाताला पाणी सुटणार नाही, इतकी ओल असावी. प्रत्येक थर रुळाने दाबावा. ट्रॅक्टरने नुसती माती ढकलून केलेला बांध भरवशाचा नसतो. आतील उतार अडीचास एक व बाहेरील दोनास एक ठेवावा. माती बसते म्हणून उंची दहा टक्के जास्त धरावी.

मे महिन्यातील पाहणी

गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घेऊन माथ्याची पातळी सांडव्याच्या तळाशी ताडून पहावी. बसलेला भाग थराथराने दाबून भरावा. बिळे शेवटपर्यंत खणून ओलसर मातीने ठोकून बंद करावीत. तोंडाशी दगड कोंबून उपयोग होत नाही. बाभूळ, सुबाभूळ अशी झाडे रोपे असतानाच काढावीत. उतारावर हरळी किंवा मारवेल लावून ती कापत रहावी, म्हणजे बिळे व ओल नजरेस पडतात. भेगा व सांडव्यातील गाळ, झुडपे यांचाही बंदोबस्त करावा. अस्तराच्या शेततळ्यात कागदाला चीर गेल्यास पाणी भरावात मुरते, म्हणून भरण्यापूर्वी अस्तर बारकाईने तपासावे. अस्तर निसरडे असल्याने पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. सभोवती कुंपण घालावे आणि गाठी मारलेले दोर व हवेच्या नळ्या चारही बाजूंना कायम ठेवाव्यात.

गळती दिसल्यास

बाहेरच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी थोडे व एकसारखे येत असेल तर जागेवर खूण करावी आणि रोज पहावे. पाणी वाढले किंवा गढूळ झाले तर बांधाची माती वाहून जात आहे असे समजावे. बाहेरून चिकण माती लावून ती गळती बंद करू नये; आतला दाब वाढून दुसरीकडे तोंड फुटते. त्या जागी आधी जाड वाळू, त्यावर खडी व वर दगड असा थर द्यावा. त्यातून पाणी निघते, पण माती अडते. पंप किंवा वक्रनळी लावून पाणी लगेच कमी करावे. बांध मात्र कधीही तोडू नये. गढूळ गळती वाढत असेल किंवा बांध खचू लागला असेल तर त्यावर कोणीही थांबू नये; खालच्या लोकांना हलवावे व सरपंच, तलाठी आणि तहसील कार्यालयास कळवावे.

रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. खालच्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. गळतीकडे ग्रामस्थांनी आधीच लक्ष वेधले होते. ते धरण खाजगी बांधापेक्षा बरेच मोठे होते. तरीही दिसलेली गळती उद्यावर टाकू नये, हा धडा लहान बांधालाही तितकाच लागू आहे.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनी मृगापूर्वी एक दिवस बांधासाठी राखून ठेवावा. पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या पावसानंतर बाहेरच्या पायथ्याने एक फेरी मारावी. सांडव्यात पोती लावलेली असतील तर ती आजच काढावीत.