मागील कामाचा अभ्यास : सुरतेच्या मुद्रणप्रयत्नापासूनचा धडा

शेतीमालाचे भाव, शाळेची हजेरी किंवा दुकानाचा हिशेब यांसाठी मोबाइलवरील ॲप स्वतःच्या बळावर तयार करणारे तरुण आज लहान गावांतूनही आढळतात. त्यांच्या पाठीशी मोठी कंपनी नसते. पहिले काम फसले की भांडवल आणि उमेद दोन्ही खर्ची पडतात. अशा वेळी मागील कामापासून काय शिकावे, याचे उत्तर देशी लिपींच्या मुद्रणाच्या इतिहासात सापडते.

सुरतेचा प्रयत्न

भीमजी पारेख हे सुरतेच्या इंग्रज वखारीचे दलाल होते. प्राचीन ब्राह्मणी ग्रंथ छापले जावेत, या हेतूने १६७० च्या सुमारास त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली. त्यानुसार १६७४ मध्ये हेन्री हिल्स हा मुद्रक यंत्रसामग्रीसह मुंबईस आला. त्याला छपाई येत होती. परंतु देशी लिपीचे खिळे तयार करता येत नव्हते. तेव्हा भीमजींनी आपले लोक कामास लावले. त्यांनी बनिया लिपीत छापलेले काही कागद सुवाच्य असल्याची नोंद कंपनीच्या पत्रव्यवहारात आहे. मात्र अनुभवाअभावी खर्च व वेळ फार लागे. हा उद्योग पुढे टिकला नाही.

‘छपाई फसली’ एवढाच निष्कर्ष काढला, तर हाती काही लागत नाही. यंत्र आले, अक्षरही उमटले. काम अडले ते खिळे पाडणाऱ्या कुशल हातांपाशी. कोणती गोष्ट साधली व कोणती अडली, यांची अशी फोड करणे हाच अभ्यास होय.

पुढील कारागीर

सुरतेत १७८७ मध्ये जन्मलेले फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये मुंबईत गुजराती छापखाना काढला. १८१४ मध्ये त्यांनी पंचांग छापले आणि १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ सुरू केला. लोकांना दरवर्षी लागणारी वस्तू आधी, मोठा उपक्रम नंतर, असा हा क्रम होता. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले. खिळ्यांची छपाई त्यांनी पुढे हाती घेतली. शाईतील चरबीविषयी सोवळ्या वाचकांना असलेली शंका ओळखून त्यांनी तुपाची शाई वापरल्याचे सांगितले जाते. जावजी दादाजी यांनी इतरांच्या छापखान्यांत काम शिकून १८६४ मध्ये प्रथम खिळ्यांचा कारखाना काढला व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. भीमजींचे काम जेथे अडले, तेथूनच जावजींनी आरंभ केला.

घ्यावयाचा बोध

ॲप तयार करणाऱ्याने प्रत्येक काम संपताच तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : कोणता भाग नीट चालला, कोणता कशामुळे अडला आणि वापरणाऱ्यांनी कोणती शंका बोलून दाखविली. चाललेला भाग पुढील कामात वापरावा. अडलेल्या भागाची आधी लहान प्रमाणावर चाचणी घ्यावी. ॲप वापरणाऱ्या ग्रामस्थांनी आणि कार्यालयांनी अडचण नेमक्या शब्दांत कळवावी. शिक्षकांनीही विद्यार्थ्याच्या फसलेल्या प्रयोगाची वही टाकून न देता जपावी. सुरतेच्या प्रयत्नाची नोंद राहिली, म्हणूनच साडेतीनशे वर्षांनंतरही तो उपयोगी पडतो.