ऊन पाण्याचे झरे : गोरेगावहून वज्रेश्वरीपर्यंतचा एक भूगोलपाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी – भूगोल, सामान्य विज्ञान व भाषा यांचा समवाय)

पाठाचे प्रयोजन

'गीझर' हा शब्द उच्चारताच मुंबईच्या उपनगरातील मुलाच्या डोळ्यांपुढे न्हाणीघरातील पाणी तापविण्याचे यंत्र उभे राहते. वास्तविक हा शब्द आइसलँड बेटावरील 'गेसिर' नावाच्या एका उष्णोदकाच्या कारंज्यावरून जगभर पसरला. मूळ भाषेत त्याचा अर्थ उसळणारा असा आहे. भूमीच्या पोटातून उकळते पाणी व वाफ ठराविक काळाने उसळी मारून वर येते, तिला भूगोलात गीझर म्हणतात. अशी कारंजी महाराष्ट्रात नाहीत. मात्र त्यांचे शांत वृत्तीचे भाऊबंद, म्हणजे ऊन पाण्याचे झरे, कोकणात अनेक आहेत. जे दूर आहे ते चित्रावरून शिकवावे आणि जे जवळ आहे ते प्रत्यक्ष दाखवावे, या न्यायाने पुढील सहलपाठ योजला आहे. गोरेगावसारख्या उपनगरातील शाळेला तो एका दिवसात पुरा करता येतो. भिवंडी, वसई व पालघर भागांतील ग्रामीण शाळांना तर तो अधिकच सुलभ आहे.

भाषेपासून प्रारंभ

सहलीच्या आदल्या दिवशी शिक्षकाने फळ्यावर चार गावांची नावे लिहावी : उन्हवरे (रत्नागिरी), उन्हेरे (रायगड), उनपदेव (खानदेश) व उनकेश्वर (नांदेड). या नावांत समान काय आहे, असे मुलांना विचारावे. 'ऊन' हा शब्द संस्कृत 'उष्ण' या शब्दापासून आला असून या चारही ठिकाणी ऊन पाण्याचे झरे आहेत. अशा झऱ्याला 'उन्हाळे' असेही म्हणतात. पूर्वजांनी गावाचे नाव ठेवतानाच तेथील भूगोल नोंदवून ठेवला आहे, ही गोष्ट मुलांच्या ध्यानी आली म्हणजे निम्मा पाठ झाला.

मार्ग व मार्गातील निरीक्षण

सहल हिवाळ्यात काढावी; पावसाळ्यात तानसा नदीला पूर असतो. गोरेगाव स्थानकावरून विरारकडे जाणाऱ्या गाडीत बसल्यावर भाईंदर व नायगाव यांच्यामध्ये वसईची खाडी ओलांडावी लागते. तेथे खारफुटी व मिठागरांकडे मुलांचे लक्ष वेधावे. विरारहून मोटारीने शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीस जाता येते. हे अंतर तीस किलोमीटरच्या आत आहे.

वाटेत दिसणारे काळे डोंगर कशाचे बनले आहेत, हा प्रश्न येथेच टाकावा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हारस वाहून आला व थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. गोरेगावच्या शेजारी अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी त्याच काळ्या पाषाणाच्या उभ्या खांबांची बनलेली आहे. सहलीपूर्वी ती दाखविता आली, तर फार उत्तम.

वज्रेश्वरी येथे मंदिर पाहावे. १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकून घेतली. त्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला केलेल्या नवसाशी परंपरा या मंदिराचा संबंध जोडते. तेथून जवळच अकलोली व गणेशपुरी ही तानसाकाठची गावे आहेत. मुंबईला १८९२ पासून पाणी पुरविणारे तानसा धरण याच नदीवर वरच्या अंगास आहे.

कुंडांपाशी

येथील कुंडांना सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, राम, सीता, लक्ष्मण अशी नावे आहेत. प्रत्येक कुंडाचे पाणी सारखेच ऊन नसते. मुलांचे गट पाडून पुढील नोंदी घ्याव्या : पाण्याचे तापमान, रंग, वास, बुडबुडे येतात काय, काठावर क्षाराचा थर आहे काय, आणि त्याच वेळचे नदीच्या पाण्याचे तापमान.

तापमानासाठी ताप पाहण्याचा थर्मामीटर कदापि नेऊ नये. त्याची मर्यादा ४२ अंशांच्या आसपास संपते. पाणी त्याहून अधिक ऊन असल्यास नळी फुटते, आणि तीत पारा असल्यास तो विषारी असतो. प्रयोगशाळेतील ० ते ११० अंशांचा, अल्कोहोल भरलेला तापमापक दोरीस बांधून शिक्षकाने स्वतः पाण्यात सोडावा. मुलांनी केवळ वाचन करावे.

कोकणपट्टीतील उन्हाळ्यांचे तापमान साधारणतः ३४ ते ७१ अंश सेल्सिअस असते. यांपैकी वरच्या टोकाचे पाणी धोकादायक होय. ५० अंशांचे पाणी काही मिनिटांत, तर ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी पोळते, आणि मुलांची कातडी मोठ्यांहून नाजूक असते. म्हणून कोणत्याही कुंडात मुलांना एकटे उतरू देऊ नये, काठावर धावू देऊ नये, व तापमान पाहिल्यावाचून हात घालू देऊ नये. एका निष्काळजी क्षणाने सहलीचे पुण्य पाण्यात जाते.

पाणी ऊन का होते?

'खाली ज्वालामुखी आहे' असे उत्तर बहुतेक मुले देतील, व काही प्रौढही देतात. ते बरोबर नाही. दख्खनचा लाव्हारस कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झाला आहे. खरे कारण असे की, पृथ्वीच्या पोटात खोल जावे तसतशी उष्णता वाढते. ही वाढ सामान्यतः दर किलोमीटरला २५ ते ३० अंश असते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, तेथे तापते, आणि दुसऱ्या भेगांवाटे पुन्हा वर येते. वाटेत खडकांतील क्षार त्यात विरघळतात, म्हणून ते चवीस वेगळे लागते व पिण्यास योग्य नसते.

यावर गणित घालावे. पावसाचे पाणी २७ अंश व झऱ्याचे ५७ अंश असेल, तर ते किती खोल गेले असावे? वाढ ३० अंशांची आहे. दर किलोमीटरला ३० अंश धरल्यास उत्तर एक किलोमीटर येते. वर येताना पाणी थोडे निवते, म्हणून खरी खोली याहून अधिकच असणार, हा विचार हुशार मुलांकडून काढून घ्यावा.

या कुंडांतील पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त, अशी लोककथा या भागात सांगतात. तिची थट्टा करू नये. जमिनीतून ऊन पाणी का येते, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता व त्यांनी आपल्या परीने उत्तर दिले, असे सांगून मग तापमापकाचे उत्तर पुढे ठेवावे. स्नानाने अंग हलके वाटते हे खरे. तथापि कातडीच्या रोगावर वैद्याला दाखविण्याऐवजी कुंडावर विसंबू नये, हेही स्पष्ट सांगावे. मुलांमार्फत ही गोष्ट घरोघर पोहोचते.

मग येथे कारंजे का उडत नाही?

समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांस उकळते. पण त्यावर दाब असला, तर उकळण्यास अधिक उष्णता लागते. दहा मीटर खोलीवर पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापूनही उकळत नाही. अरुंद नळीसारख्या भेगेत असे अतितप्त पाणी कोंडले असता वरचे थोडे पाणी बाहेर सांडते, दाब एकाएकी कमी होतो, खालच्या पाण्याची वाफ होते व ती सारा स्तंभ उसळून देते. ही मीमांसा जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन याने १८४६ साली आइसलँडमध्ये गेसिरचे निरीक्षण करून मांडली. बुन्सेन बर्नरचे नाव त्याच्यावरूनच पडले.

अमेरिकेतील यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान १८७२ साली स्थापन झाले. जगातील निम्म्याहून अधिक गीझर तेथे आहेत. 'ओल्ड फेथफुल' हा त्यांतील प्रसिद्ध गीझर साधारणतः एक ते दोन तासांच्या अंतराने ३० ते ५५ मीटर उंच उसळतो. तेथे भूपृष्ठाजवळ ज्वालामुखीची जिवंत उष्णता आहे व गारगोटीच्या जातीच्या द्रव्याने आतून लिंपलेल्या मजबूत नळ्या आहेत. आपल्या कुंडांखाली ती उष्णता नाही. म्हणून पाणी उसळत नाही, केवळ झिरपते.

वर्गातील प्रयोग

पातेल्यात पाणी घेऊन त्यात धातूचे नरसाळे पालथे ठेवावे. त्याच्या कडेखाली एक नाणे सरकवावे, म्हणजे पाणी आत जाण्यास वाट राहील. नळीचे तोंड पाण्याच्या थोडे वर असावे. पाणी उकळू लागताच वाफेबरोबर ते नळीतून उडते. प्रयोग शिक्षकाने करावा. मुले दोन मीटर दूर बसवावी. वाफ पाणी वर ढकलते एवढेच यातून दिसते. खोल नळीतील दाबाचा परिणाम शब्दांनीच समजवावा लागेल.

एक संस्कार

यलोस्टोनमधील 'मॉर्निंग ग्लोरी' नावाच्या सुंदर कुंडात प्रवाशांनी वर्षानुवर्षे नाणी व कचरा टाकला. त्याची वाट तुंबली, पाणी निवले व त्याचा निळा रंग पालटला. आइसलँडचा गेसिर उसळावा म्हणून त्यात साबण टाकण्याची प्रथा होती. ती पुढे बंद करावी लागली. आपल्या कुंडांत साबण लावणे, नाणी टाकणे व प्लॅस्टिक फेकणे याच कारणासाठी अनिष्ट होय. तीर्थाचे पावित्र्य आणि झऱ्याचे आयुष्य यांची काळजी एकच आहे, हे मुलांना कृतीने पटवावे. निघताना काठावरील कचरा गोळा करूनच परतावे.

स्वाध्याय

१. आपल्या तालुक्यातील कोणत्या गावाचे नाव तेथील पाणी, खडक वा झाड यांवरून पडले आहे?
२. सर्वांत ऊन व सर्वांत कमी ऊन कुंड यांच्या तापमानांतील फरक काढा. कारण काय असावे?
३. हिमाचलातील मणिकर्ण येथे झऱ्याच्या पाण्यात भात शिजवितात. आपण मोजलेल्या कुंडात तो शिजेल काय? कारण द्या.
४. उंच पर्वतावर पाणी १०० अंशांपूर्वीच का उकळते?