कोयता, विळी आणि लोहाराचे पाणी

“घडीचा चाकू खिशात मावतो, मग माझे वडील कमरेला एवढा जड कोयता कशाला बाळगतात?” असा प्रश्न आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील एका विद्यार्थ्याने आम्हांस मध्यंतरी विचारला. प्रश्न साधा खरा. पण विचारण्यात किंचित लाज होती, ती आमच्या ध्यानात आली. पुण्याच्या वर्तमानपत्रांतून गेली काही वर्षे ‘कोयता गँग’ हे शब्द वारंवार वाचावयास मिळतात. ज्या हत्यारावर घरचे भात पिकते, त्याचे नाव गुंडांशी जोडलेले पाहून मुलास ओशाळे वाटले तर नवल नाही. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर येथे सविस्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम झाडावर चढलेला मनुष्य डोळ्यांपुढे आणा. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. उन्हाळ्यात फांद्या छाटावयाच्या, त्या पालापाचोळा व शेण यांसह जमिनीवर पसरून जाळावयाच्या, आणि पाऊस येताच तेथे बी पेरावयाचे, अशी ही रीत. छाटणाऱ्याचा एक हात खोडाला विळखा घालून असतो. उरलेल्या एकाच हाताने हत्यार काढावयाचे, चालवावयाचे आणि पुन्हा कमरेच्या आकडीत अडकवावयाचे. साधा घडीचा चाकू उघडण्यास दोन हात लागतात. तेवढ्यात मनुष्य खाली यावयाचा! शिवाय अशा चाकूचा सारा भार एका खिळ्यावर असतो. घाव बसून बसून तो सैल होतो, पाते डुलू लागते, आणि एखादे वेळी बोटांवरच मिटते. कोयत्याचे पाते मागे निमुळते होऊन थेट मुठीच्या लाकडात शिरलेले असते व मुठीच्या तोंडाशी लोखंडी शेंबी असते. त्यात हलणारे काही नाही, म्हणून बिघडणारेही थोडेच. टोकाचा बाकही उगाच नव्हे. फांदी त्या बाकात धरली जाते, निसटत नाही.

ही युक्ती लोखंडाहूनही जुनी आहे. आंबेगावच्या डोंगरांतून निघणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून वाहते. तेथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांजवळ गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान, धारदार पाती होती. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत पक्की बसवून वापरीत.

आता लोहाराकडे वळू. पुष्कळ लोहार मालमोटारीच्या कमानीचे जुने पाटे घेतात, कारण ते पोलाद कसाचे असते. पाते ठोकून घडविल्यावर धारेची बाजू लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवितात. यासच पाणी देणे म्हणतात. एकदम निवाल्याने पोलाद कठीण होते खरे, पण ठिसूळही होते. म्हणून त्यास पुन्हा बेताची ऊब द्यावी लागते. ऊब कमी पडली तर धारेचे तुकडे उडतात, अधिक झाली तर धार मुडपते. तो बेत लोहार पोलादावर चढणाऱ्या रंगावरून ओळखतो. तापमापक त्याच्याजवळ नसतो. वर्गात जे आम्ही फळ्यावर लिहून सांगतो, ते भट्टीपाशी तासभर उभे राहिल्यास अधिक चांगले कळेल, हे कबूल केलेच पाहिजे.

घरात या कोयत्याची बहीण म्हणजे विळी. येथे पाते स्थिर आणि भाजी फिरती. पाटावर पाय ठेवला की दोन्ही हात मोकळे राहतात, त्यामुळे टणक भोपळाही दोहों हातांनी धारेवर रेटता येतो. विळ्याभोपळ्याच्या वैराची म्हण आपल्याकडे उगाच रूढ झाली नाही. उभ्याने स्वयंपाक करावयाचा ओटा आला आणि विळी मागे पडली. सुरीच्या धारेने तिला हरविले असे मात्र नव्हे. मुलींनो आणि मुलांनो, काम होताच विळी आडवी करून ठेवण्याचा आईचा नियम मात्र मोडू नका.

कोयत्याचे आणखी एक रूप जुन्नरच्या पूर्वेकडील उसाच्या फडात दिसते. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडे साखर अधिक असते. हंगामात दूरदूरच्या जिल्ह्यांतून तोडणी कामगार येतात. मुकादमाच्या हिशेबात पतिपत्नी मिळून ‘एक कोयता’ आणि एकटा मनुष्य ‘अर्धा कोयता’! दोन जीवांची गणना एका हत्याराच्या नावाने व्हावी, हे आमच्या मनास खटकते. त्यात दोष कोयत्याचा खचित नाही.

हे सारे आम्ही त्या विद्यार्थ्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी तो घरून विचारून आला. कोयत्याची मूठ आजवर तीनदा बदलली आहे, पाते मात्र आजोबांच्या वेळचेच. झिजून दोन बोटे अरुंद झाले आहे, एवढेच.