काळ्या मेंदीची वेल

आम्ही कुवेतमधल्या सालमियात राहतो. गेल्या वर्षी ईदच्या आदल्या रात्री सहा वर्षांच्या लेकीला मेंदी काढायला जवळच्या पार्लरमध्ये नेलं. "काळी काढू का? अर्ध्या तासात रंगते," तिथल्या बाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. मेंदीच ती, तिची काय चौकशी करायची? त्याच्या आदल्या ईदलाही काळीच काढली होती, काही झालं नव्हतं.

दुसऱ्या रात्री पोर हात खाजवत उठली. सकाळी पाहते तर मनगटापासून कोपरापर्यंतची वेल जशीच्या तशी फुगून आलेली. पानं, कळ्या, देठ, सगळं पाण्याच्या फोडांचं. डोळे मिटून बोट फिरवलं असतं तरी नक्षी कळली असती.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "रंग किती वेळात चढला?" मेंदीच्या पाल्याचा रंग आधी केशरी येतो, मग एकदोन दिवसांत तांबूस-तपकिरी होतो. अर्ध्या तासात काळं करतं ते केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन. युरोपात डायमध्येसुद्धा ते 2 टक्क्यांपर्यंतच चालतं. अंगावर काढायच्या नक्षीत ना तिथे चालतं, ना अमेरिकेत. पहिल्या वेळी लेकीच्या शरीराने ते ओळखून ठेवलं, दुसऱ्या वेळी त्यावर उसळलं. आता ही अॅलर्जी बहुधा जन्माची. पुढे कधी केस रंगवले तर चेहरा, डोळे सुजू शकतात. बधिर करणारी काही मलमंही तिला बाधू शकतात.

आपल्या ओळखीच्या वस्तूवर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो. याच कुवेतमधल्या डॉक्टरांनी 1981 साली शिशाची बाधा मेंदूपर्यंत गेलेल्या 20 तान्ह्या बाळांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यात एक कारण होतं असाच ओळखीचा सुरमा.

मुलींना नटवू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. मेंदी घरी भिजवा, रात्रभर राहू द्या, केशरी रंगावर समाधान माना. पार्लरमध्ये गेलात तर कोनात काय आहे ते विचारा. "काळी" किंवा "झटपट" ऐकलंत तर उठून या, शेजारीण काहीही म्हणो. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांना मात्र अस्सल मेंदीही नको, त्यांच्या रक्तपेशी फुटू शकतात.

फोड पंधरा दिवसांत बसले. वेल फिकट पांढरी होऊन सात-आठ महिने राहिली. शाळेत कुणी हाताकडे पाहिलं की लेक बाही खाली ओढायची. तिच्या दवाखान्याच्या फाईलवर मी लाल पेनाने पीपीडी लिहून ठेवलंय.